आई, आवाज क्रॉसचाच होता

ती. आई-बाबांना,
सा. न.

पिकअप अजून माझ्याकडेच आहे, रविवारी घेऊन येते. फोनवर बाबांना हल्ली नीट ऐकू येत नाही आणि हे सगळं त्यांनी सावकाश वाचावं असं मला वाटतं, म्हणून पत्र लिहायला बसले.

आधी आईसाठी. आई, तू सहा महिन्यांपासून सांगत होतीस की रिव्हर्स टाकला की खालून ‘टक्’ वाजतं. बाबा म्हणाले जुनी गाडी आहे, वाजणारच, आणि मीही तीच री ओढली. तुझं खरं होतं. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे फेरे नेणारा जो लांब शाफ्ट, त्याच्या दोन्ही टोकांच्या जॉइंटमधले क्रॉस, म्हणजे अधिकच्या चिन्हासारखे तुकडे, गेले होते, मागचा तर पार गेला होता.

सामान वाहायला गाडी नेली तेव्हा पहिल्याच दिवशी मला दुसरा आवाज ऐकू आला. हळू चालवताना रातकिड्यासारखी किरकिर. वेग वाढला की किरकिर वाढायची. क्लच दाबून गाडी नुसती घरंगळू दिली तरी ती थांबेना, म्हणजे इंजिनाचा काही संबंध नव्हता. जे काही होतं ते गिअरबॉक्सच्या मागे, चाकांबरोबर फिरणाऱ्या भागात होतं. बाबा, तुम्हाला ही बारीक किरकिर ऐकूच आली नसणार. तुमच्या कानांना आता बारीक आवाज येत नाहीत, हे मला माहीत होतं, तरी मी कधी शेजारी बसून एक फेरी मारली नाही याचं वाईट वाटतंय.

गाडी सपाट जागी उभी केली, चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावले, हँडब्रेक ओढला, न्यूट्रल केलं आणि खाली शिरले. एका हाताने शाफ्ट धरला, दुसऱ्याने त्यापलीकडचा योक, म्हणजे क्रॉसला दोन कानांत धरणारा तुकडा, आणि दोन्ही उलट दिशांना पिळून पाहिले. मागच्या जॉइंटमध्ये क्रॉस त्याच्या टोकांवरच्या टोपीसारख्या कपात हलताना चक्क दिसत होता. कपांच्या कडेला तांबडी पूड साचली होती. ग्रीस संपलं आणि कपातल्या बेअरिंगच्या बारीक सुया कोरड्या फिरायला लागल्या की ही पूड बाहेर येते.

खोलण्याआधी खूण करायची, ही तुम्ही शिकवलेली पहिली गोष्ट. खडू पुसला जातो म्हणून पांढऱ्या रंगाने दोन्ही फ्लँजवर, म्हणजे बोल्टने जोडलेल्या चकत्यांवर, आणि शाफ्टच्या सरकत्या दातेरी जोडावर रेघा मारल्या. या जोडावरची खूण सर्वांत महत्त्वाची. क्रॉस जॉइंट कोनात फिरतो तेव्हा पुढची बाजू एकसारखी फिरली तरी मागची प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावते आणि दोनदा मागे रेंगाळते. 10 अंशांच्या कोनातही हा फरक सुमारे दीड टक्का पुढे, दीड टक्का मागे एवढा पडतो. दोन टोकांचे योक एका रेषेत असले तर पुढच्या जॉइंटने केलेली ही ओढाताण मागचा जॉइंट परत भरून काढतो. जोड चुकीच्या दातावर बसवला तर ती भरून निघत नाही, आणि नवे क्रॉस घालूनही गाडी थरथरतच राहते. आई, तुला आवडेल म्हणून सांगते, या जॉइंटला हूकचा जॉइंट असंही म्हणतात. स्प्रिंगच्या नियमाचा तोच रॉबर्ट हूक, त्याने 1676 साली या जॉइंटबद्दल लिहून ठेवलंय.

बोल्ट निघाले, पण कप जागेवर अडकवून ठेवणाऱ्या कड्या, सर्क्लिप, निघेनात. खाचा गंजाने भरल्या होत्या. तारेच्या ब्रशने घासून, गंज सुटायचं तेल सोडून रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी योक वाइसमध्ये घेतला. एका बाजूला कपाहून लहान सॉकेट, दुसऱ्या बाजूला कप आत मावेल एवढं मोठं सॉकेट, आणि हळूहळू आवळत गेले. शाफ्टची नळी मात्र वाइसमध्ये धरली नाही. ती पोकळ आणि पातळ असते. दबली की शाफ्टचा तोल कायमचा गेला.

कप सुटून हातात आला तेव्हा आत ग्रीसचा थेंब नव्हता. नुसती तपकिरी भुकटी. क्रॉसच्या खुंटीवर सुयांनी ओळीने खाचा पाडल्या होत्या, फणी दाबून धरल्यासारख्या. शाफ्टचा कोन लहान असतो तेव्हा सुया त्याच जागी थोड्या मागे-पुढे होत राहतात, म्हणून ओरखडे गोल पडत नाहीत, उभ्या खाचा पडतात.

नवे क्रॉस बसवताना एक कप शेवटपर्यंत जाईना आणि सर्क्लिपची खाच दिसेना. आणखी आवळायचा मोह झाला होता. पण बाहेर काढून पाहिलं तर एक सुई घसरून कपाच्या तळाला आडवी पडली होती. आवळलं असतं तर नवा क्रॉस तिथेच गेला असता. सुया पुन्हा ग्रीसने चिकटवल्या आणि क्रॉसची खुंटी कपात धरूनच तो आत घेतला, म्हणजे सुयांना पडायला जागाच उरत नाही. चारही सर्क्लिप बसल्यावर जॉइंट एका दिशेला जड फिरत होता. योकच्या कानांवर प्लॅस्टिकच्या हातोडीने दोन ठोके दिल्यावर मोकळा झाला. मग ग्रीस भरलं. तीन सीलमधून लगेच बाहेर आलं, चौथ्यातून येईना. जॉइंट हलवत हलवत ग्रीस गन मारत राहिले, तेव्हा कुठे आलं. खुणा जुळवल्या, फ्लँजला नवे लॉक नट लावून टॉर्क पान्याने आवळले.

आता बाबा, मुख्य गोष्ट. पुढच्या क्रॉसमध्ये थोडं ग्रीस होतं, मागचा ठणठणीत कोरडा. कारण कळलं. मागचा निप्पल, म्हणजे ग्रीस भरायचं तोंड, वरच्या अंगाला आला की गन तिथे पोचत नाही. गाडी थोडी ढकलायची, शाफ्ट अर्धा फेरा फिरवायचा, पुन्हा खाली आडवं व्हायचं. तुमच्या गुडघ्यांना ते आता झेपत नाही आणि तुम्ही कोणाला सांगितलं नाहीत. ते मी विचारायला हवं होतं. उद्या पुढचा क्रॉस तुटला असता तर शाफ्टचं टोक चालत्या गाडीखाली रस्त्यावर आपटलं असतं, आणि शेजारच्या सीटवर आई असते. या विचाराने मला दोन रात्री झोप नाही.

तेव्हा यापुढे गाडीखाली तुम्ही शिरायचं नाही. नुसत्या जॅकवर तर मुळीच नाही. दर वेळी इंजिन ऑइल बदलायची वेळ आली की मला कळवा, ग्रीस मी येऊन भरेन. रविवारी येईपर्यंत शंभर किलोमीटर होतील. आल्यावर तुमच्यासमोर फ्लँजचे बोल्ट पुन्हा तपासते. तुम्ही खुर्चीवर बसून बॅटरी धरा आणि माझं काय चुकतंय ते सांगा.

जुना क्रॉस धुऊन कापडात गुंडाळून ठेवला आहे, तो आणते. त्याच्या खुंटीवरून नख फिरवून बघा.

आई, पहिली फेरी तुझ्याबरोबर. रिव्हर्स टाकताना अगदी हलकी हालचाल जाणवेल, ती मागच्या चाकांना फिरवणाऱ्या डिफरन्शियलच्या दातांमधली असते आणि राहणारच. त्याहून जास्त काही ऐकू आलं तर लगेच सांग, मी गाडी तिथेच उभी करीन.

तुमची लेक