पॅरोल, फर्लो आणि जामीन एक नव्हेत

मा. संपादक,

न्यायालयीन बातम्यांमध्ये इंग्रजी शब्द देवनागरीत जसेच्या तसे छापण्याची पद्धत आता रूढ झाली आहे आणि त्याला माझी हरकत नाही. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील न्यायमंदिरात, म्हणजे जिल्हा न्यायालयात, वकील, कारकून आणि पक्षकारही हेच शब्द रोज बोलतात. मात्र ज्या शब्दांचे अर्थ कायद्याने ठरवून दिलेले आहेत, ते एकमेकांच्या जागी वापरले गेले की वाचकाला चुकीची माहिती मिळते आणि ज्याच्याविषयी बातमी असते त्याच्या अब्रूवर त्याचा परिणाम होतो.

सर्वाधिक गोंधळ जामीन, पॅरोल आणि फर्लो या तीन शब्दांचा आहे. वर्धा मार्गावरील मध्यवर्ती कारागृहातून एखादा बंदी काही दिवसांसाठी बाहेर आला की एका वृत्तपत्रात तो ‘जामिनावर’ असतो आणि दुसऱ्यात ‘पॅरोलवर’. जामीन हा मुख्यतः ज्याचा तपास किंवा खटला अजून संपलेला नाही अशा आरोपीचा विषय आहे आणि तो सहसा न्यायालय देते. अपील प्रलंबित असताना शिक्षा स्थगित होऊन जामीन मिळतो, तेवढा अपवाद सोडला तर शिक्षा भोगणाऱ्या माणसाशी या शब्दाचा संबंध नाही. पॅरोल आणि फर्लो या मात्र सिद्धदोष बंद्याच्या रजा आहेत. त्या प्रशासन मंजूर करते. नाकारल्यास बंदी उच्च न्यायालयात दाद मागतो आणि अशा याचिका आपल्या नागपूर खंडपीठापुढे सातत्याने येत असतात.

या दोन रजांमध्येही मोठा फरक आहे. महाराष्ट्रात त्या राज्याच्या कारागृह नियमांनुसार दिल्या जातात. फर्लो म्हणजे संचित रजा. ठरावीक काळ शिक्षा भोगल्यानंतर, कोणतेही विशेष कारण न दाखवता, कुटुंबाशी आणि समाजाशी नाते टिकून राहावे म्हणून ती मिळते आणि तिचे दिवस शिक्षेतच मोजले जातात. पॅरोल म्हणजे अभिवचन रजा; तिला घरातील गंभीर आजारपणासारखे निश्चित कारण लागते आणि बाहेर काढलेले दिवस शिक्षेत धरले जात नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही २०२१ मध्ये गुजरातमधील एका प्रकरणात हा भेद विस्ताराने मांडला आणि फर्लो हा बंद्याचा निरपवाद हक्क नाही, हेही स्पष्ट केले. पॅरोल हा मूळ फ्रेंच शब्द ‘दिलेले वचन’ या अर्थाचा आहे, त्यामुळे अभिवचन रजा ही आपली संज्ञा मला अत्यंत चपखल वाटते आणि ती वृत्तपत्रांनी आवर्जून वापरावी. अमेरिकेत पॅरोल म्हणजे शिक्षेचा उरलेला काळ देखरेखीखाली तुरुंगाबाहेर काढण्याची मुभा. तिकडच्या बातम्यांचा अनुवाद करताना तोच शब्द आपल्याकडील अर्थाने वाचला जाऊन गैरसमज वाढतो.

याहून गंभीर चूक डिस्चार्ज आणि अक्विटल या शब्दांबाबत होते. पोलिसांनी चार्जशीट दाखल केली म्हणजे न्यायालयाने चार्ज निश्चित केला असे होत नाही. चार्जशीट हे तपास यंत्रणेचे म्हणणे असते. ते पाहून, खटला चालवण्याइतका आधार नाही असे न्यायालयाला वाटले तर आरोपीला त्याच टप्प्यावर डिस्चार्ज, म्हणजे आरोपमुक्त, केले जाते. अक्विटल म्हणजे निर्दोष मुक्तता ही पूर्ण खटला चालून, पुरावा तपासून झाल्यानंतरची गोष्ट आहे. निर्दोष सुटलेल्या माणसावर, तो निकाल कायम असेपर्यंत, त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालवता येत नाही. डिस्चार्जला हे संरक्षण नाही. डिस्चार्ज म्हणजे अक्विटल नव्हे, असे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०० च्या स्पष्टीकरणातच लिहिलेले होते. माझ्या परिचयातील एका तरुणाला न्यायालयाने आरोपमुक्त केले, तेव्हा एका दैनिकाने ‘जामीन मंजूर’ असे छापले. खटला संपला असूनही, नोकरीच्या ठिकाणी त्याला आदेशाची नक्कल काढून दाखवावी लागली.

गुन्ह्यांच्या नावांबाबतही काळजी हवी. वृत्तसंस्थेच्या इंग्रजी मजकुरातील ‘रॉबरी’ मराठीत सर्रास ‘दरोडा’ होते. रॉबरी म्हणजे जबरी चोरी; दरोडा म्हणजे डकॉइटी, आणि त्यासाठी पाच किंवा अधिक जण एकत्र असावे लागतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ही अट कायम आहे. दोघांनी चाकू दाखवून पैसे लुटले, ही घटना कितीही भयंकर असली तरी कायद्याच्या भाषेत दरोडा होत नाही. गळ्यातली साखळी हिसकावून पळणे यासाठी नव्या संहितेत स्नॅचिंग हा वेगळा गुन्हा आला आहे, त्याचीही दखल घेतली जावी. पोलिस ठाण्यात चोरी, घरफोडी, जबरी चोरी आणि दरोडा हे चारही शब्द काटेकोरपणे वापरले जातात. मग ते वृत्तपत्रात येताना सैल का व्हावेत, हे मला समजत नाही.

पीसीआर आणि एमसीआर, म्हणजे पोलिस कोठडी आणि न्यायालयीन कोठडी, यांतील फरक बहुतेक बातमीदार नीट पाळतात, याचा उल्लेख करणे मला आवश्यक वाटते. तीच दक्षता वरील शब्दांनाही मिळावी. माझी विनंती एवढीच आहे की नेमकी संज्ञा उपलब्ध नसेल तेव्हा अंदाजाने शब्द घालू नये. प्रकरण तपासात आहे, आरोप निश्चित व्हायचे आहेत, खटला सुरू आहे की शिक्षा झालेली आहे, एवढा टप्पा साध्या मराठीत सांगावा आणि सुटकेचा आदेश न्यायालयाचा आहे की प्रशासनाचा, हे बातमीच्या पहिल्या परिच्छेदातच नमूद करावे.

आपला नम्र,
एक वकील वाचक,
सिव्हिल लाइन्स, नागपूर