चावी परत देणाऱ्या उस्तादांना

उस्ताद, सप्रेम नमस्कार.

माझ्या गाडीच्या क्लचच्या दुरुस्तीचं बिल चुकतं झालं म्हणजे हिशेब मिटला, असं तुम्ही म्हणालात. माझ्या बाजूने तो मिटलेला नाही, म्हणून हे पत्र. उघड लिहिते आहे, कारण टर्बो गाडी ट्यून करून चालवणाऱ्यांनी ते वाचावं असं वाटतं. आणि तुमच्या व्यवसायातल्या त्या लोकांनीही वाचावं, ज्यांच्याकडून मी हात हलवत परत आले.

ज्यांनी क्लच स्लिप होणं, म्हणजे इंजिनाची ताकद चाकांकडे नेणारी पकड सुटून घसरणं, अनुभवलेलं नाही, त्यांना तो त्रास शब्दांत सांगणं अवघड आहे. चौथ्या गिअरमध्ये पाय दाबावा, टर्बो भरत जावा, गाडी आता झेपावणार असं अंगाला कळावं आणि नेमक्या त्या क्षणी आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांचा, काटा 3,000 वरून एकदम वर उसळावा. इंजिन ओरडतंय आणि वेग आहे तिथेच. मागून तो जळका वास. गाडी बंद पडत नाही, कुठला दिवा लागत नाही, कुणाला दाखवायला गेलं की शहाण्यासारखी चालते. ज्या गाडीवर आपला जीव आहे तिच्यावरचा विश्वास असा थोडा थोडा संपत जातो. ओव्हरटेक करावं की नाही, याचा विचार करायला लागतो माणूस. स्पोर्ट्स कार घेऊन ट्रकच्या मागे मुकाट्याने चालत राहायचं, हे मी केलं आहे.

आधी जिथे गेले त्यांची नावं घेत नाही. पहिल्या ठिकाणी क्लच बदलला होता. त्याबद्दल तक्रार नाही, तो बदलायलाच आला होता. कंपनीच्या सेटिंगवर 350 न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) देणारं इंजिन रिमॅपनंतर, म्हणजे त्याच्या संगणकाची सेटिंग बदलून ताकद वाढवल्यावर, 450 देऊ लागलं होतं. कारखान्यातून येणारा क्लच इंजिनाच्या कमाल टॉर्कपेक्षा थोडी राखीव क्षमता ठेवून बनवलेला असतो. ती राखीव क्षमता मी रिमॅपमध्ये वापरून टाकली होती आणि हे मला तेव्हाही ठाऊक होतं. म्हणूनच वाढीव क्षमतेची क्लच प्लेट आणि तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट मी स्वतः माहिती काढून मागवून दिली, 450 ला पुरून उरेल अशी. ती बसवली आणि थोड्याच काळात गाडी पुन्हा स्लिप व्हायला लागली.

परत नेली तर उत्तर काय मिळालं? "ट्यून केलेली गाडी आहे, हे व्हायचंच." आणि मग, थोडं हसून, "मॅडम, हाफ क्लचवर पाय ठेवायची सवय असेल."

उस्ताद, ते हसणं मला अजून टोचतं. मला तशी सवय नाही. क्लचवर पाय विसावून गाडी चालवली की क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगच्या, म्हणजे डायाफ्रामच्या, बोटांवर टेकून राहतं, प्लेटवरची पकड सैल होते आणि ती घसरून जळते, हे मला गाडी शिकताना पहिल्या आठवड्यात कळलं होतं. पण त्यांना माझ्या पायाकडे बघायचंच नव्हतं. त्यांनी चावी घेतली, कोपऱ्यापर्यंत जाऊन आले आणि "काही नाही, ठीक आहे गाडी" म्हणून चावी टेबलावर ठेवली.

दुसऱ्या ठिकाणी तर कुणी बॉनेटही उघडलं नाही. रिमॅप म्हटल्याबरोबर एका कागदावर सिरॅमिक प्लेट, आणखी कडक प्रेशर प्लेट, हलकं फ्लायव्हील (इंजिनाबरोबर फिरणारं चाक, ज्यावर प्लेट टेकते) अशी यादी करून माझ्यापुढे सरकवली. सिरॅमिक प्लेट रोजच्या रस्त्यावर किती झटके देते, ट्रॅफिकमध्ये हळू सोडताना गाडी कशी थरथरते, प्रेशर प्लेट जितकी कडक तितका पेडल दाबताना क्रँकशाफ्टच्या थ्रस्ट बेअरिंगवर जोर जास्त, यातलं एक अक्षर नाही. रेसच्या गाडीत हे सगळं योग्यच आहे. पण माझी गाडी स्लिप का होते, हा प्रश्न त्या यादीत कुठेच नव्हता.

अशा मनःस्थितीत मी तुमच्याकडे आले. खरं तर चिडूनच आले होते आणि चिडलेल्या माणसाशी लोक कसे वागतात ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही मला पूर्ण बोलू दिलंत. मध्येच तोडलं नाहीत. माझं बोलून झाल्यावर एकच प्रश्न विचारलात. "गाडी थंड असताना होतं का?"

मी थांबले. नाही, थंड असताना होत नव्हतं. सकाळी निघाल्या निघाल्या कधीच नाही. इंजिन चांगलं तापलं, थोडा ट्रॅफिक लागला, मग मोकळा रस्ता मिळाला की व्हायचं. हे मी आधीच्या दोन्ही ठिकाणी सांगायचा प्रयत्न केला होता, पण तिथे कुणी विचारलं नव्हतं आणि न विचारता सांगितलेलं कुणी ऐकत नाही.

मग मी सवयीने चावी पुढे केली. आणि तुम्ही ती घेतली नाहीत. माझी मूठ हळूच परत सरकवलीत आणि म्हणालात, "तुम्ही चालवा. मी बाजूला बसतो. तुमच्या पायाला कळतं ते माझ्या पायाला पहिल्या फेरीत कळणार नाही."

या एका वाक्यासाठी हे सगळं पत्र आहे.

तुम्हाला कदाचित ते आठवतही नसेल. तुमच्यासाठी ती कामाची पद्धत असेल. पण त्याआधीच्या प्रत्येक ठिकाणी चावी माझ्या हातून घेतली गेली होती आणि चावीबरोबर माझं म्हणणंही काढून घेतलं गेलं होतं. गाडी माझी, रोज चालवते मी, तिचा बारीकसा बदल मला आधी कळतो आणि तरी साक्षीदार म्हणून माझी किंमत शून्य. तुम्ही चावी परत दिलीत तेव्हा मला म्हणालात की तुमच्यावर माझा विश्वास आहे. तुम्ही ते शब्दांत म्हणाला नाहीत, पण मी ते ऐकलं. ड्रायव्हिंग सीटवर बसताना माझे डोळे भरून आले होते आणि तुम्ही ते बघून न बघितल्यासारखं केलंत, त्याबद्दलही आभार.

आणि यात नुसता चांगुलपणा नव्हता. हीच पद्धत बरोबर होती, हे मला नंतर समजलं. कोपऱ्यापर्यंतच्या फेरीत हा दोष सापडणं शक्यच नव्हतं. गाडी पुरती तापायला हवी होती, टर्बोच्या आसपासची सगळी उष्णता साठायला हवी होती आणि गिअरही वरचा हवा होता. खालच्या गिअरमध्ये इंजिनाच्या टॉर्कचा बराच भाग इंजिनाचे स्वतःचे फिरते भाग वेगात आणण्यात खर्च होतो. वरच्या गिअरमध्ये आरपीएम सावकाश चढतो, टर्बोला पूर्ण बूस्ट, म्हणजे हवेचा दाब, बनवायला वेळ मिळतो आणि जवळजवळ सगळा टॉर्क क्लचमधून जातो. दुबळा क्लच तिथेच उघडा पडतो. हे नेमकं कधी होतं ते मला माहीत होतं, म्हणून मला चालवायला सांगणं हाच सर्वांत जवळचा रस्ता होता.

तुम्ही गाडीचे आकडे नोंदवणारा लॉगर लावलात आणि मला म्हणालात, आकडे मी बघतो, तुम्ही रस्ता बघा. एका ठरावीक गिअरमध्ये आरपीएम आणि वेग यांचं प्रमाण कायम एकच राहतं. आरपीएम वाढतोय, वेग त्या प्रमाणात वाढत नाही आणि चाकंही जागेवर फिरत नाहीत, म्हणजे क्लच घसरतोय. थंड असताना दोन्ही रेषा हातात हात घालून चढल्या. तापल्यावर, रिकाम्या सरळ रस्त्यावर, त्या फुटल्या. तुम्ही स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवलीत. इतक्या काळानंतर पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं, "बरोबर आहे तुमचं. होतंय."

पुढचं काम मी फार खोलात सांगत नाही, ते तुमचं आहे. पण एक क्षण सांगितल्याशिवाय राहवत नाही. गाडी कडेला घ्यायला लावलीत, हातमोजे चढवलेत, फ्लुइडच्या दाबाने क्लच दाबणाऱ्या स्लेव्ह सिलिंडरचा ब्लीडर, म्हणजे ते फ्लुइड बाहेर सोडायचा स्क्रू, किंचित सैल केलात. पेडलला कुणाचाही पाय लागलेला नव्हता आणि तरीही आतून फ्लुइडची चिळकांडी उडाली. ब्लीडर बंद करून तुम्ही म्हणालात, "आता पुन्हा दाबा." त्याच रस्त्यावर, त्याच गिअरमध्ये, तितक्याच तापलेल्या इंजिनावर क्लचने पूर्ण टॉर्क घट्ट धरला. सीटने पाठीला ढकललं आणि मी मोठ्याने ओरडले. लाज वाटली नाही.

दोष क्लचमध्ये नव्हताच. पेडलपासून, फ्लुइड पुढे ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरकडे जाणारा पुशरॉड (दांडा) आधीच्या कामात गरजेपेक्षा लांब सेट केला गेला होता. पेडल पूर्ण वर आलं तरी आतला पिस्टन शेवटपर्यंत मागे येत नव्हता आणि फ्लुइडला टाकीकडे परत जाण्याचं बारीक छिद्र झाकलेलं राहत होतं. थंड असताना चालून जायचं. गाडी तापली की लाइनमधलं फ्लुइड प्रसरण पावायचं, त्याला परतीची वाट नाही, म्हणून दाब आतच अडकायचा आणि रिलीज बेअरिंग कुणी न सांगता क्लच थोडासा दाबून धरायचं. पेडलवर माझा पाय नसताना हाफ क्लच. जो आरोप माझ्यावर झाला होता, तेच काम तो चुकीचा बसवलेला रॉड करत होता.

आणि ट्यून? मूळ सेटिंगच्या गाडीत हाच दोष बराच काळ लपून राहिला असता, कारण तिथे पकड थोडी कमी झाली तरी टॉर्कला पुरली असती. माझ्या गाडीत तेवढी सवलत नव्हती. म्हणजे ट्यूनमुळे दोष दिसला, ट्यूनमुळे झाला नाही. हा फरक तुम्ही मला दोन मिनिटांत समजावलात. ज्यांनी रिमॅप हा शब्द ऐकताच विचार करणं थांबवलं, त्यांना हाच फरक समजून घ्यायचा नव्हता.

तुम्ही गिअरबॉक्स उतरवला नाहीत. हे मला पुन्हा लिहावंसं वाटतं. गिअरबॉक्स उतरवून सगळा सेट नवा टाकण्याचं काम तुमच्यासमोर चालत आलं होतं. मी इतकी थकले होते की तुम्ही सांगाल त्यावर सही केली असती. तुम्ही बेल हाउसिंगच्या (क्लचवरच्या आवरणाच्या) खालून तेल गळतंय का ते पाहिलंत, कोरडं होतं. पेडलला बोटाने ढकलून कळेल इतका मोकळा खेळ ठेवलात, लॉकनट घट्ट केलात, फ्लुइड बदललंत, एवढंच. मग म्हणालात की घसरून घसरून प्लेटचा पृष्ठभाग थोडा गुळगुळीत झालेला असू शकतो, काही दिवस पूर्ण बूस्ट न देता साधी गावातल्यासारखी चालवा, प्लेटला फ्लायव्हीलवर नीट बसू द्या. त्यानंतरही घसरली तर प्लेट बदलावी लागेल, तेव्हा या, आत्ताच पैसे घालवू नका. नवी प्लेट बसवल्यावर हा सावकाशीचा काळ द्यायचा असतो, हे आधीच्या ठिकाणी मला कुणी बजावलंही नव्हतं.

जाता जाता तुम्ही घसरणाऱ्या क्लचचं गणितही पाठकोऱ्या कागदावर मांडून दाखवलंत. 450 न्यूटन मीटर टॉर्क आणि फ्लायव्हील व प्लेट यांच्या वेगात 600 आरपीएमचा फरक, म्हणजे त्या क्षणी सुमारे 28 किलोवॉट नुसती उष्णता, तीही त्या दोन पातळ पृष्ठभागांच्या मध्ये. तो कागद मी जपून ठेवला आहे. स्लिप जाणवली की लगेच पाय उचलायचा, हे तुम्ही नुसतं सांगितलं असतंत तर मी ऐकलं असतं. कारणासकट सांगितलंत म्हणून ते माझं झालं.

हल्ली मला सारखं वाटतं की जगात कौशल्याची तितकी टंचाई नाही. आधीच्या दोन्ही ठिकाणी यंत्रं चांगली होती, हत्यारं चकचकीत होती, माणसंही अडाणी नव्हती. पुशरॉडचा खेळ तपासायला महागडं काहीच लागत नाही. लागतं ते समोरच्याचं बोलणं खरं असू शकतं असं धरून चालणं. डॉक्टरकडे, ऑफिसात, शाळेत, कुठेही बघा, माणूस आपलं दुखणं सांगत असतो आणि ऐकणाऱ्याचं उत्तर आधीच तयार असतं. जे आपलं उत्तर बाजूला ठेवून प्रश्न विचारतात, त्यांच्या जिवावर आपण सगळे तग धरून आहोत. अशी माणसं भेटली की नाव घेऊन सांगावं असं वाटतं, पण तुमचं नाव लिहायला तुम्ही नको म्हणालात, म्हणून थांबते.

गाडी आता उत्तम आहे. सावकाशीचा काळ पाळला, एकदाही मोह होऊ दिला नाही. त्यानंतर तापलेल्या गाडीला, त्याच रस्त्यावर, चौथ्यात पूर्ण पाय दिला. लॉगरच्या रेषा सोबत पाठवते आहे, बघून घ्या. एकही फाटा नाही.

एक आणखी. तुमच्याकडे शिकणारा तो मुलगा, फ्लुइड बदलताना चार थेंब मडगार्डवर पडले तेव्हा कुणी न सांगता धावत पाणी घेऊन आला आणि ते फ्लुइड रंग खातं म्हणून लगेच धुऊन काढलं. मला तेव्हा त्याच्याशी बोलायचं राहून गेलं. त्याला माझे आभार नक्की सांगा आणि हे पत्र त्यालाही वाचायला द्या.

तुमची ऋणी,
लाल टर्बोवाली