पाठ्यपुस्तकात एक पान थॅडियस स्टीव्हन्स यांना द्या

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

जोतिरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतली गुलामी मोडायला झटलेल्या सज्जनांना अर्पण केली, हे मी आठवीला सांगत होतो. एका मुलीने विचारलं, “सर, ती माणसं कोण?” मी लिंकनचं नाव घेतलं आणि अडलो. दुसऱ्या दिवशी तयारी करून गेलो आणि गुलामीविरुद्ध लढलेले अमेरिकी नेते थॅडियस स्टीव्हन्स सांगितले.

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात १७९२ साली जन्म. पाऊल जन्मतःच वाकडं, वडील घर सोडून गेलेले; आईने कष्ट उपसून शिकवलं. पेनसिल्व्हेनिया राज्यात ते वकील झाले, आमदार झाले. तिथला मोफत शाळांचा कायदा जेमतेम वर्षाचा होता, तोच १८३५ साली तो रद्द करायचा घाट घातला गेला. लोकांच्या पोरांसाठी आम्ही कर का भरायचा, ही ओरड. राज्याच्या सिनेटने, म्हणजे वरिष्ठ सभागृहाने, तर कायदा रद्द करायला मान्यताही दिली होती. स्टीव्हन्स सभागृहात उभे राहिले, बोलले, आणि कायदा टिकला. साहेब, पटसंख्येच्या नावाखाली शाळा बंद करायची चर्चा निघते तेव्हा मला हे भाषण आठवतं.

पुढे अमेरिकेच्या संसदेत, म्हणजे काँग्रेसमध्ये, ते तिथल्या चौदाव्या घटनादुरुस्तीसाठी झगडले. तिच्यातलं ‘कायद्याचे समान संरक्षण’ आपल्या अनुच्छेद १४ मध्ये आहे. दुरुस्ती जुलै १८६८ मध्ये मंजूर झाली, ऑगस्टमध्ये ते गेले.

त्यांचा डागही मी झाकला नाही. १८२१ साली ते एका गुलाममालकाचे वकील होते. खटला जिंकले, आणि चॅरिटी बटलर ही बाई मुलांसह पुन्हा गुलामीत गेली. पानावर हेही यावं.

पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरला त्यांची कबर आहे. शिलालेख मी फळ्यावर मराठीत लिहिला: इथे एकाकी विसावतो तो एकांताच्या आवडीने नव्हे, इतर दफनभूमींच्या नियमांत वंशाची अट आहे. निर्मात्यापुढे सगळी माणसं समान, हे जन्मभर सांगितलेलं तत्त्व मरणातही दाखवता यावं म्हणून ही जागा निवडली.

मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, आमच्या गावात पण मसणवटे दोन हायत.”

वर्ग गप्प झाला. मग तास संपेपर्यंत मुलंच बोलत राहिली.

नागरिकशास्त्राच्या पुस्तकात समानतेच्या धड्याशेजारी एवढं एक पान आणि तो शिलालेख यावा, ही विनंती. मसुदा तयार आहे. आपल्या कार्यालयाने कळवावं, लगेच पाठवतो.

आपला,
जिल्हा परिषद शाळेतला एक शिक्षक