व्हायरस इंटरनेटच्या आधीच पेठेत आला होता

महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला संगणक सुरक्षेवरचा लेख वाचला. इंटरनेट आलं आणि त्यामागून व्हायरस व अँटिव्हायरस आले, असा त्याचा सूर आहे. हा क्रम उलटा आहे. विदेश संचार निगमने सर्वसामान्यांना इंटरनेट खुलं केलं ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. त्याच्या कितीतरी आधी नारायण पेठेतल्या माझ्या डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावण्याच्या, खोलीत व्हायरस मुक्कामाला होते. ते प्रकाशकांच्या कापडी पिशव्यांतून, फ्लॉपीवर, म्हणजे मजकूर साठवायच्या चुंबकीय तबकडीवर, बसून यायचे.

अप्पा बळवंत चौकातली गाइडं, दिवाळी अंक, लग्नपत्रिका असा सगळा मजकूर फ्लॉपीवरच फिरे. एखादी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये तशीच राहिली आणि मशीन पुन्हा सुरू केलं, की तिच्या बूट सेक्टरमधला, म्हणजे मशीन सुरू होताना सर्वांत आधी वाचल्या जाणाऱ्या भागातला, व्हायरस आधी मेमरीत जाऊन बसे. १९८६ साली लाहोरच्या दोघा भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ असाच पसरला; त्यात त्यांनी स्वतःचा पत्ता आणि फोन नंबरही घातला होता! ‘पिंगपाँग’चा टिपका पडद्यावर उड्या मारू लागला, की प्रुफं बघायला आलेले लेखक आधी खूश होत, मग घाबरत. भारतात १९९०मध्ये सापडलेला ‘जोशी’ ५ जानेवारीला मशीन अडवून ‘हॅपी बर्थडे जोशी’ टाइप करायला लावी. पेठेत या व्हायरसचा जनक म्हणून कोणाकोणावर संशय घेतला गेला, ते विचारू नका.

जॉन मॅकॅफीचं ‘स्कॅन’ हे अँटिव्हायरस आमच्यापर्यंत पोचलं तेही फ्लॉपीवरूनच. ते शेअरवेअर होतं. वापरून बघा, पटलं तर पैसे पाठवा. पैसे कोणी पाठवले असतील असं मला वाटत नाही. मशीन बंद करायचं, काही लिहिलं जाऊ नये म्हणून खाचेवर चिकटपट्टी लावलेल्या, डॉस ही तेव्हाची संगणकप्रणाली असलेल्या स्वच्छ फ्लॉपीवरून सुरू करायचं आणि मगच तपासायचं, हा शिरस्ता होता. आधीच मेमरीत बसलेल्या व्हायरससमोर तपासणी करण्यात काही अर्थ नसे. काही व्हायरस स्वतःच्या जागी मूळ बूट सेक्टर दाखवून मोकळे होत.

आमचा खरा पेच वेगळाच होता. कायम पहारा देणारा अँटिव्हायरस मेमरीत ठेवावा, तर व्हेंचुराला, म्हणजे पानं लावायच्या सॉफ्टवेअरला, जागा पुरेना. डॉसची मेमरी सगळी मिळून ६४० केबी, त्यात दोघांनी नांदायचं. मग पुस्तकाची पानं लावायची म्हणून पहारेकऱ्यालाच बाहेर काढावं लागे, आणि नेमक्या त्याच वेळी बाहेरच्या फ्लॉप्या आत येत. त्या काळच्या अँटिव्हायरसचं कौतुक करणाऱ्यांनी हेही लिहावं.

६ मार्च १९९२च्या ‘मायकेलँजेलो’ची आठवण लेखात आहे, पण अर्धीच. त्या तारखेला मशीन सुरू झालं की हा व्हायरस हार्ड डिस्कवर निरर्थक माहिती लिहून ती निकामी करी. जगभरातले ५० लाख संगणक आडवे होतील, असे आकडे तेव्हा फिरत होते. प्रत्यक्षात फटका काही हजारांना बसला. भीतीवर धंदा झाला, यात शंका नाही. पण त्या भीतीपायीच आमच्या गल्लीतल्यांनी बॅकअप घेतले. कोणी तारीख एक दिवस पुढे ढकलून ६ मार्चच टाळला. मग बिलांवर ७ तारीख आली.

आणि पुण्याच्याच क्विक हील या अँटिव्हायरसचा उल्लेख लेख एका ओळीत उरकतो, हे मला खटकलं. तो काढणारे कैलाश काटकर मूळचे कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे, धाकटे भाऊ संजय मॉडर्न कॉलेजात कॉम्प्युटर सायन्स शिकणारे. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर डॉससाठीचं त्यांचं उत्पादन आलं, ते दुरुस्तीच्या टेबलावरून. परदेशी अँटिव्हायरसमधली व्हायरसांची नवी यादी फिरत फिरत इथे पोचेपर्यंत जुनी झालेली असे. इथे बिघडलेलं मशीन आणि त्यातला व्हायरस दोन्ही समोरच होते.

फिनलंडचे संगणक सुरक्षातज्ज्ञ मिको हिप्पोनेन यांनी जुन्या डॉस व्हायरसांचं ऑनलाइन संग्रहालय २०१६ साली सुरू केलं. आपल्याकडे केळकर संग्रहालयात अडकित्तेही जपलेत, पण या फ्लॉप्यांचं काय? माझ्याकडे खोकंभर आहेत. त्यांवरचा चुंबकीय थर उडत चाललाय. कोणा महाविद्यालयात ५.२५ इंची ड्राइव्ह अजून चालू असेल तर आपल्या मार्फत कळवावं. खोकं घेऊन मी येते.

एक निवृत्त डीटीपी व्यावसायिक, नारायण पेठ, पुणे