पॉइंटचा रेट नेमका कशाचा?

संपादकसाहेब, नमस्कार.

कोथरूडमधल्या आमच्या जुन्या फ्लॅटचं वायरिंग बदलायला काढलं तेव्हा कळलं की इलेक्ट्रिशियनचा सगळा हिशोब पॉइंटवर चालतो, म्हणजे एक बटण आणि त्यावरचा दिवा नाहीतर पंखा. गीझर, एसीचा पॉवर पॉइंट महाग, कारण दिव्याला १.५ स्क्वेअर एमएमची वायर चालते पण एसीला साधारण ४ ची लागते आणि ती थेट मेन बोर्डापासून वेगळी ओढावी लागते. केसिंग-पट्टी, म्हणजे भिंतीवरून पट्टीत घातलेली वायर, स्वस्तात होते, कन्सील्ड म्हणजे भिंतीच्या आतून म्हटलं की भिंतीला झिरी मारणं आलं, आणि ती बुजवायची कोणी यावर आमचं अर्धा दिवस भांडण! इलेक्ट्रिशियन म्हणे गवंड्याचं काम, गवंडी म्हणे ज्याने फोडलं त्याने बघावं, शेवटी मीच थापी घेऊन बसलो.

माल मी तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानांतून स्वतः आणला, म्हणून फक्त मजुरी दिली. नुसता फ्यूज बघायला आला तरी व्हिजिट चार्ज घेतो याची लोक कुरकुर करतात, मला ते पटत नाही, पेट्रोल काय फुकट येतं का? पण रेट आधी कागदावर लिहून द्यायला काय हरकत आहे?

– एक वाचक, कोथरूड, पुणे