नानांविषयी थोडे सविस्तर

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या आजोबांच्या, म्हणजे नानांच्या, वर्षश्राद्धाच्या वेळी घरातल्या लहानांच्या हाती देता येईल असे दोन पानांचे टिपण करावे, ही तुझी कल्पना आम्हा सर्वांना आवडली. मसुदाही वाचला. भाषा चांगली उतरली आहे. मात्र पावसाळ्यातल्या रात्री घाटात दरड कोसळली असता नानांनी धावत जाऊन एक्स्प्रेस थांबवली, हा जो प्रसंग तू आरंभीच घेतला आहेस, तो कृपा करून काढून टाक. प्रसंग खरा आहे, पण ती गाडी शेजारच्या बीटवर, म्हणजे रुळाच्या लगतच्या टप्प्यावर, गस्त घालणाऱ्या त्यांच्या सोबत्याने थांबवली होती. दहाव्याला जमलेल्यांपैकी कुणीतरी ती हकीकत नानांच्या नावावर सांगितली आणि अशा वेळी कुणी कुणाला टोकत नाही, म्हणून ती तशीच रूढ झाली. नानांच्या हयातीतही एकदोघांनी हा घोटाळा केला होता, तेव्हा त्यांनी लगेच सांगितले होते, "तो धावला. मी माझं पेट्रोल बुक त्याला देऊन परत फिरलो होतो."

पावसाळी गस्तीत दोन बाजूंचे गस्तवाले हद्दीवर भेटून आपापली पेट्रोल बुके, म्हणजे गस्तीच्या नोंदवह्या, अदलाबदल करतात, म्हणजे दोघेही शेवटपर्यंत चालले याची नोंद आपोआप राहते. त्या रात्री नानांनी एवढेच केले होते, आणि नोकरीची बहुतेक वर्षे त्यांनी असेच काम केले, ज्यात सांगण्यासारखे काही घडले नाही म्हणजे काम नीट झाले असे समजायचे. तुझ्या टिपणात हे यावे, अशी माझी इच्छा आहे.

नाना रेल्वेत रुळांची कामे करणाऱ्या गँगमध्ये लागले, तिथून चावीवाले झाले, म्हणजे रूळ स्लीपरला घट्ट धरणाऱ्या चाव्या तपासणारे. त्यांच्या घाटात कसाऱ्याहून इगतपुरीला येताना गाडी जेमतेम चौदा-पंधरा किलोमीटरांत सुमारे 300 मीटर वर चढते. चढ 37 ला 1, म्हणून कसाऱ्याला मागून बँकर इंजिने लावावी लागतात. अशा चढावर आणि वळणांवर चाकांचा रुळाला सतत रेटा बसतो, चाव्या सैल होतात, बोल्ट ढिले पडतात. चावीवाल्याने आपली बीट रोज पायी तपासायची, जाताना एका रुळाच्या कडेने आणि येताना दुसऱ्याच्या. खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा आणि पाना, पिशवीत लाल-हिरव्या झेंड्या, फटाक्यांचा डबा आणि आजीने फडक्यात बांधून दिलेली नागलीची भाकरी. शाळेला सुटी असताना मी एकदा हट्टाने त्यांच्यामागे गेलो होतो. बोगद्याच्या अलीकडे ते एका स्लीपरपाशी थांबले, हातोडा हलकेच टेकवल्यासारखा मारला, आवाज ऐकला आणि मग एकच जोरदार घाव घालून चावी आत बसवली. मला दोन्ही आवाज सारखेच वाटले. त्यांनी मला रुळापासून दूर, कडेच्या पायवाटेवर उभे केले होते आणि दर थोड्या वेळाने मागे वळून मी तिथेच आहे ना, हे ते पाहत होते. पुढे काँक्रीटचे स्लीपर आणि स्प्रिंगच्या क्लिपा आल्या, सांधे जोडून रूळ सलग झाले, तरी चालणे काही कमी झाले नाही. उलट सलग रुळाला थंडी सोसत नाही. तो आकसतो आणि एखाद्या पहाटे जोडाशी तडकतो. त्यामुळे हिवाळ्यातली पहाटेची गस्त त्यांना पावसाळ्यापेक्षाही अवघड वाटे.

फटाक्यांचा नियम आम्हा भावंडांना त्यांनी क्वार्टरच्या अंगणात शिकवला होता. मार्गात अडथळा दिसला तर तिथून 600 मीटरवर एक फटाका रुळावर बांधायचा आणि 1200 मीटरवर दहा-दहा मीटरांच्या अंतराने तीन. इंजिन त्यांवरून गेले की स्फोट होतो आणि चालकाला धोका समजतो. अंगण लहान, म्हणून मीटरऐवजी वीत धरायची आणि फटाक्यांऐवजी चिंचोके ठेवायचे. तुझी आत्या तीनऐवजी दोनच चिंचोके ठेवून उरलेला खाऊन टाकी, तेव्हा ते गाडी पाडल्याबद्दल तिला खोटेखोटे रागावत.

त्याच आत्याला नाशिकच्या कॉलेजात घालण्याचा निर्णय त्यांनी घेतला, तेव्हा रेल्वे कॉलनीत बरीच कुजबुज झाली. स्वतः चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाने त्या कुजबुजीला उत्तर दिले नाही; दिवसभर घाट तुडवून आल्यावर संध्याकाळच्या गाडीला प्लॅटफॉर्मवर उभे राहण्याचा नेम मात्र त्यांनी ती पदवीधर होईपर्यंत पाळला. गाडीला उशीर झाला तर चौकशीच्या खिडकीवर ते कधी जात नसत. सिग्नल पाहून ते स्वतःच अंदाज बांधत, आणि तो बहुतेक वेळा बरोबर येई.

1974 च्या संपाविषयी तू विचारले आहेस. 8 मे ते 27 मे असा तो चालला, देशभरातले लाखो रेल्वे कामगार त्यात होते आणि नानाही होते. मी तेव्हा पाळण्यात होतो, म्हणून मला कळते ते आजीकडूनच: अटकेच्या भीतीने रात्री घरी न झोपणारी माणसे, उधारीवर आणलेले तांदूळ आणि क्वार्टर सोडावे लागेल म्हणून बांधून ठेवलेले भांड्यांचे गाठोडे. संप मागे घेतल्यावर ते पुन्हा त्याच बीटवर चालू लागले. याहून अधिक ते कधी बोलले नाहीत, तेव्हा टिपणातही त्याचे भाषण करू नकोस.

घरात मात्र त्यांच्याइतका बोलका माणूस नव्हता, विशेषतः पासावर प्रवासाला निघालो की. रामेश्वरचा प्रवास तर आमच्या घरात अजून निघतो. मद्रासच्या पुढे तेव्हा मीटर गेज होते, म्हणजे दोन रुळांमधले अंतर आपल्याकडच्या 1676 मिलिमीटरांपुढे अवघे 1000 मिलिमीटर. डब्यात शिरायच्या आधी नानांनी प्लॅटफॉर्मच्या टोकाशी जाऊन ते रूळ निरखले आणि परत येऊन आजीला गंभीरपणे सांगितले, की हे काम नीटनेटके आहे, पण खेळण्यातले आहे. रात्रभर ते खिडकीशी बसून सांध्यांचा ठेका ऐकत होते आणि कुठे ठेका चुकला की त्या बीटवाल्याच्या नावाने पुटपुटत होते. पांबनच्या पुलावर गाडी अगदी संथ झाली, दोन्ही बाजूंना समुद्र, सगळा डबा हात जोडून उभा, आणि नाना मात्र मान बाहेर काढून पुलाचे गर्डर पाहत होते. आजीने सदरा धरून त्यांना आत ओढले. देवळात गेल्यावर त्यांनी काय मागितले हे आम्ही विचारले, तेव्हा 1914 सालचा पूल खाऱ्या वाऱ्यात टिकवणाऱ्या गँगला चांगला रेनकोट मिळावा, असे त्यांनी सांगितले. आजीचा त्यावर आजही विश्वास नाही. तिच्या मते त्यांनी आत्याच्या लग्नाचे मागितले होते.

या प्रवासाच्या आणखी पुष्कळ गोष्टी तिच्याकडे आहेत, त्यातल्या निम्म्या मलाही ठाऊक नाहीत. रविवारी दुपारी तिला फोन कर. हल्ली ती त्या वेळी झोपत नाही, आणि ऐकू कमी येते म्हणून जरा मोठ्याने बोल.

तुझा,
बाबा