निगेटिव्ह रिपोर्टवर किती विसंबायचे?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पुणे ग्रँड टूर या सायकल शर्यतीपासून आपल्याकडच्या पोरांनाही सायकलिंगचे वेड लागले आहे. पहाटे तुळजापूर रोडला हेल्मेट घातलेली टोळकी दिसली की बरे वाटते. पण उत्तेजकांचा विषय निघाला की त्यांचे उत्तर ठरलेले असते: "सर, एवढ्या टेस्ट होतात, घेतलं असतं तर सापडला नसता का?"

नसता. अमेरिकन सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग 1999 ते 2005 अशी सलग सात वर्षे टूर द फ्रान्स ही शर्यत जिंकला, तो हेच म्हणत. पहिल्या वर्षी तर ईपीओ नावाचे उत्तेजक ओळखणारी चाचणीच नव्हती, ती 2000 साली आली. त्याच 1999 च्या शर्यतीत त्याच्या नमुन्यात कॉर्टिकोस्टेरॉइड या औषधाचा अंश सापडला, तेव्हा मागची तारीख टाकून डॉक्टरची चिठ्ठी तयार झाली आणि विषय मिटला! 2012 मध्ये त्याची विजेतेपदे गेली ती प्रामुख्याने अकरा जुन्या सहकाऱ्यांच्या साक्षींमुळे. 1998 चे फेस्टिना संघाचे उत्तेजक प्रकरण कस्टमवाल्यांनी गाडी अडवल्यावर फुटले, 2006 मध्ये 'ऑपरेशन पुएर्तो' या कारवाईत स्पॅनिश पोलिसांनी खेळाडूंच्या उत्तेजकांचे जाळे उघड केले. प्रयोगशाळा मागेच राहिली.

याचे कारण शरीरातच आहे. ईपीओने प्राणवायू वाहणाऱ्या तांबड्या पेशी वाढतात. थोड्या मात्रेत घेतलेले औषध लवकरच शोधता येईनासे होते, वाढलेल्या पेशी मात्र काही आठवडे कामाला येतात. स्वतःचेच रक्त काढून, साठवून, शर्यतीआधी परत चढवले तर परका पदार्थ सापडणार कुठून? म्हणून 2008 पासून सायकलिंगमध्ये जैविक पासपोर्ट आला. त्यात खेळाडूच्या रक्ताची तुलना त्याच्याच जुन्या आकड्यांशी होते. सोय चांगली आहे, पण बेताबेताने घेणारा तिच्याही मर्यादेत बसतो.

उलटेही घडते. 2010 च्या टूरमध्ये स्पॅनिश सायकलपटू अल्बर्टो काँटाडोरच्या नमुन्यात क्लेनब्युटेरॉल हे बंदी असलेले औषध सापडले, मिलिलिटरला अवघे 50 पिकोग्रॅम. तो म्हणाला, मांसातून आले. क्रीडा लवादाला दूषित सप्लिमेंटची शक्यता जास्त वाटली. किताब गेलाच.

हे सोलापूरकरांनी नीट वाचावे. आपल्या जिममध्ये पावडरचे डबे राजरोस विकले जातात. आत काय आहे, हे घेणाऱ्यालाही ठाऊक नसते आणि बहुधा देणाऱ्यालाही. 2023 मध्ये दिल्लीच्या राज्य स्पर्धेत नाडाचे (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेचे) पथक आल्याचे कळताच शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीत एकच धावपटू उरला, स्वच्छतागृहात सिरिंज सापडल्या. जिल्हा पातळीवर तर पथक येण्याची भीतीही नाही.

तेव्हा इथे लघवीच्या बाटलीची वाट पाहण्यापेक्षा अन्न व औषध प्रशासनाने पुरवठादार गाठावेत, चिठ्ठीशिवाय इंजेक्शन देणारी मेडिकल दुकाने तपासावीत. आपल्या वार्ताहरानेही एकदा ग्राहक बनून त्या डब्यांचे पक्के बिल मागून पाहावे.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, जुळे सोलापूर